जाळीचा कायदा

मागांच्या शेडमध्ये आवाजाला किंमत नाही. तिथं सगळे माग एका वेळी असे खडखडतात, की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला तुमची थुंकी तेवढी कळते. म्हणून विणकर ओरडत नाहीत, ओठांनी बोलतात. शब्द नेहमीचेच, फक्त आवाज काढायचा नाही आणि ओठ जरा मोकळे हलवायचे. समोरचा ते वाचतो. नवा माणूस सुरुवातीला बावळटासारखा बघत राहतो. मग एक दिवस शेडच्या पार त्या टोकाला दोघी जणी मुकादमाच्या टकलाबद्दल काय बोलताहेत ते त्याला कळतं आणि तो फिसकन हसतो. हसला की तो विणकर झाला.

ताईनं आपल्या धाकट्या भावाला ही ओठबोली शिकवली. वडील गेल्यावर तिनंच मुकादमाच्या हातापाया पडून त्याला गिरणीत चिकटवला होता आणि आपल्या समोरच्या मागावर उभा केला होता. पण पोरगं गप्प बसेल तर ना! ते मागांच्या खडखडाटावर ताण करून ‘ताई ऽऽ’ म्हणून बोंबलायचं, आणि आश्चर्य म्हणजे ते ऐकू यायचं. तेव्हापासून शेडनं त्याचं नाव ठेवलं भोंगा, आणि तिला शेडमधल्या म्हाताऱ्यांपासून सगळे ताई म्हणायला लागले.

भोंगा मंत्री झाला ती गोष्ट मात्र त्याच्या घशापासून सुरू होत नाही. ती ताईच्या उजव्या डोळ्यापासून सुरू होते.

मागावर धोटा असतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी. दोऱ्यांमधून तो इकडून तिकडे धावतो म्हणून कापड होतं. मध्येच दोरा अडकला तर तो उसळून बाहेर येतो, आणि तेव्हा समोर कुणाचं तोंड आहे हे काही तो बघत नाही. मागाच्या दोन्ही अंगांना तारेची जाळी बसवली की धोटा तिच्यावर आपटून खाली पडतो. यात अवघड असं काही नाही. पण जाळीमुळे कांडी बदलायला क्षणभर जास्त लागतो, आणि तो क्षण मालकाच्या जिवावर येतो. ताईच्या मागाला जाळी नव्हती. एका दुपारी धोटा निघाला आणि तिचा उजवा डोळा घेऊन गेला.

त्या दिवशी भोंग्यानं अख्खी शेड बंद पाडली. बहिणीला उचलून दवाखान्यात टाकलं, रक्ताच्या सदऱ्यावरच परत आला आणि मागावर चढून असा ओरडला की कचेरीतले बाबू खिडक्या लावून बसले. तो राग खरा होता. ताईला त्याबद्दल कधी शंका आली नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं तिला जास्त झोंबतं. मुळातच ढोंगी असता तर सोडून दिला असता.

त्यातून संघटना उभी राहिली. भोंगा पुढारी, ताई त्याच्या बाजूला, आणि तिसरा एक काटकुळा कांडीवाला होता, त्याला सगळे बॉबिन म्हणायचे. वाटाघाटींना हे तिघं मालकाच्या टेबलाशी बसत. मालक आणि त्याचा वकील कागदात डोकं घालून कुजबुजायचे, आणि हे तिघं समोरासमोर बसून त्यांच्या देखत ओठांनी सल्लामसलत करायचे. ‘नमतोय, धरून ठेव.’ ‘वकील घाबरलाय, घाम बघ.’ वकिलाला वाटायचं, अडाणी माणसं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटताहेत. बाहेर आल्यावर तिघं पोट धरधरून हसत.

शेडची शिक्षाही त्याच काळातली आणि ती भोंग्यानंच काढलेली. संपात कुणी फुटला तर त्याला मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. त्याच्याकडे बघायचं बंद करायचं, एवढंच. शेडमध्ये तुमच्या ओठांकडे कुणी बघत नसेल तर तुम्ही मुके. दोरा तुटला म्हणून सांगता येत नाही, पाणी मागता येत नाही. एक फितूर मुकादमाचा लाडका होता. लोकांनी नजर काढून घेतल्यावर तो मागापाशी उभा राहून ढसाढसा रडला आणि नोकरी सोडून गेला.

पुढे भोंगा प्रांताच्या निवडणुकीला उभा राहिला, आणि ताईच्या डोळ्याला काम लागलं. प्रत्येक सभेत तिला व्यासपीठावर बसवायचं. भोंगा बोलता बोलता थांबायचा, तिच्याकडे हात करायचा आणि घसा दाटून म्हणायचा, “या फुटक्या डोळ्यानं मी जग बघतो!” लोक वेडे व्हायचे. पहिल्यांदा ताईलाही रडू आलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपली खुर्ची दरवेळी अशीच ठेवतात की उजवी बाजू लोकांकडे यावी. तिला वाटलं, योगायोग असेल. भावाबद्दल वाईट विचार करायला बहिणीला वेळच लागतो.

तो निवडून आला. पुन्हा आला. कामगारमंत्री झाला. बॉबिन त्याचा खासगी सचिव झाला, त्याच्या अंगावर कोट आला आणि जन्मभर ‘ए ताई’ म्हणणारा माणूस ‘तुम्ही’ म्हणायला लागला. जाळी मात्र काही आली नाही. ताई विचारायची, भोंगा म्हणायचा, “वर बोललोय, ताई.” आता हा स्वतः मंत्री, याच्या वर आणखी कोण बसलंय, हे काही तिला कळायचं नाही.

मग ताईची लेक मागावर लागली. दुसरीकडे कुठं काम मिळेना. तिला जागा मिळाली ती ताईच्याच रांगेत, बिनजाळीच्या मागावर. आता धोटा खट् करून कुठंही वेडावाकडा वाजला की ताई आपला माग सोडून लेकीचं तोंड बघून यायची. लेक वैतागून ओठांनी म्हणायची, ‘आई, जा ना. आहेत दोन्ही.’

एक दिवस ताई तडक मंत्र्याच्या कचेरीत गेली. बॉबिननं बाहेर बसायला सांगितलं, ती बसली नाही.

“जाळी आण,” ती भावाला म्हणाली. “नाहीतर माझा डोळा परत दे.”

“ताई, बस तरी. चहा घे.”

“चहा घरी आहे. तुझी भाची मागावर उभी आहे. तिला काही झालं तर तिलाही खुर्चीवर बसवशील का?”

ते त्याला लागलं असावं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि मग म्हणाला, “कायदा आणतो. याच अधिवेशनात. सगळ्या गिरण्या, सगळे माग, वर्षाच्या आत. तुझ्या डोळ्याची शपथ.”

“माझ्या डोळ्याची कशाला? तुला स्वतःचे दोन आहेत की.”

पण तो शब्दाला जागला. कायदा खरंच आला. ज्या दिवशी मत पडायचं होतं त्या दिवशी ताई, तिची लेक आणि शेडमधली बरीच मंडळी सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसली. बाहेर पायऱ्यांखाली बाकीच्या गिरण्यांचे विणकर जमले होते. गॅलरीतल्या पहारेकऱ्यानं दटावून सांगितलं, “आवाज काढला तर बाहेर काढीन.” विणकर एकमेकांकडे बघून हसले.

भोंगा बोलायला उभा राहिला. त्याचा तो आवाज! केस पिकले होते, पोट सुटलं होतं, डावा कान मागांनी खाल्ला होता तो कायमचाच, पण आवाज तोच. कुणा मालकधार्जिण्या सदस्यानं सुचवलं होतं, की वर्षाची मुदत काढून ‘सोयीनुसार’ असं घालावं. भोंग्यानं त्याला नुसता धुतला. “कुणाच्या सोयीनुसार? धोट्याच्या?” सभागृह बाकं वाजवायला लागलं. मग तो थांबला, त्यानं गॅलरीकडे हात केला आणि म्हणाला, “तिथं माझी बहीण बसली आहे.” सगळ्यांच्या माना वर झाल्या. ताईच्या लेकीनं आईचा हात घट्ट धरला. ताईला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच मन काळं केलं. भाऊ आपला आहे. तिनं मनातल्या मनात त्याच्या सगळ्या चुका माफ करून टाकल्या.

भोंगा खाली बसला. मतमोजणी सुरू झाली. त्याच्या समोर, गॅलरीच्या बरोबर खाली अधिकाऱ्यांच्या बाकावर बॉबिन बसला होता. भोंग्यानं त्याच्याकडे बघितलं आणि जुन्या सवयीनं, आवाज न काढता, ओठ मोकळे हलवून बोलायला लागला.

इतकी वर्षं दोघं या सभागृहात असेच बोलत होते. आजूबाजूला वकील, जमीनदार, डॉक्टर, कुणाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. वापरून वापरून भोंग्याला वाटायला लागलं होतं, की ही बोली म्हणजे आपल्या दोघांच्या घरचं कुलूप आहे. ती ज्यांची होती ते आज वर रांगेनं बसलेत, हे त्या टाळ्यांच्या भरात त्याच्या डोक्यातूनच गेलं. आणि ताईचा विचार मनात आला असलाच तर एवढाच, की एका डोळ्याच्या बाईला इतक्या लांबून काय दिसणार.

‘मालकांना निरोप दे,’ त्याचे ओठ म्हणाले. ‘घाबरू नका म्हणावं. कायदा होऊ दे. तपासनीस एकही नेमणार नाही. बघायलाच कुणी येणार नाही तर जाळी कोण विचारतो?’

खालून बॉबिन काहीतरी म्हणाला असावा. भोंगा हसला.

‘ताईला खाली आण. पायऱ्यांवर फोटो. डोळा दिसेल अशी उभी कर.’

ताईनं शब्द न् शब्द वाचला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फितुराचा राग येतो तसा हा राग नव्हता. फितूर निदान आपला जीव विकतो. यानं दुसऱ्याचा डोळा विकला होता, एकदा नाही, दर निवडणुकीला, आणि आता भाचीचे दोन्ही डोळे त्यावर वर्ताळा म्हणून देऊन मोकळा झाला होता. आणि हे सगळं करायला त्यानं कुठली भाषा वापरावी? तिनं शिकवलेली!

तिनं बाजूला बघितलं. सगळ्या रांगेनं वाचलं होतं. लेकीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. पलीकडचा एक दांडगा विणकर ओरडायला उठतच होता. ताईनं त्याच्याकडे बघून ओठ हलवले.

‘आवाज नाही. बस. बाहेर बघू.’

तो बसला. कायदा मंजूर झाला. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं, गॅलरी तेवढी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पहारेकरी कौतुकानं म्हणाला, “अशी शिस्तीची माणसं पहिल्यांदा बघितली.”

बॉबिन धापा टाकत वर आला. “ताई, चला. साहेबांनी बोलावलंय. फोटो काढायचाय.”

“कसा?” ताईनं विचारलं.

“म्हणजे?”

“कुठली बाजू पुढं करू?”

बॉबिननं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या रांगेकडे. कोटाच्या आत त्याला घाम फुटला. तो खाली मान घालून पुढं चालायला लागला. भोंग्याच्या कानावर घालायची हिंमत त्याला झाली नाही, की इच्छाच झाली नाही, कोण जाणे. काही असलं तरी त्यानं काही सांगितलं नाही हे खरं.

पायऱ्यांवर माइक लावला होता. खाली विणकरांची गर्दी, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, पुढं पेपरवाले. भोंगा ताईच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि तिच्या त्या डोळ्याकडे कळवळून बघितलं. कॅमेरे खटाखट वाजले.

“बोल, ताई,” तो म्हणाला. “आज तू बोल.”

ताई माइकपुढं गेली. तिनं आवाज काढला नाही. शेडमध्ये बोलावं तशी, लेकीला वीस पावलांवरून सांगावं तशी, सावकाश, ओठ मोकळे करून बोलली.

‘कायदा झाला. पण तपासनीस नेमणार नाहीत. आत्ता आत बसून यानं मालकांना तसा निरोप दिला. मी वाचला. आम्ही सगळ्यांनी वाचला.’

गर्दी एकदम चिडीचूप झाली. सगळ्यांच्या नजरा तिच्या ओठांना चिकटल्या. पेपरवाले एकमेकांची तोंडं बघायला लागले. माइकवाला धावत आला, वायरी हलवल्या, माइकवर टकटक केलं. भोंग्याच्या उजव्या कानात रस्त्याचा गोंगाट होता, आणि डावा कान ताईकडे होता. त्या कानाला ना ताईचं न बोलणं कळत होतं, ना माइकची टकटक. समोर लोक जीव लावून ऐकताहेत एवढं मात्र त्याला दिसत होतं. तो कॅमेऱ्यांकडे बघत, मधूनमधून मान डोलवत, समाधानानं हसत उभा होता.

‘उद्यापासून,’ ताई म्हणाली, ‘जाळी नसलेल्या मागाला कुणी हात लावायचा नाही. कुठल्याच गिरणीत. आणि आजपासून याच्याकडे कुणी बघायचं नाही.’

ती बाजूला झाली. भोंगा पुढं सरसावला, माइक हातात घेतला आणि दुमदुमला, “माझ्या ताईनं आत्ता जे सांगितलं, त्यातला शब्द न् शब्द माझ्या मनातला आहे! तिचा शब्द तो माझा शब्द!”

एका पेपरवाल्यानं बिचकत विचारलं, “साहेब, पण त्या म्हणाल्या काय?”

त्याचा प्रश्न भोंग्याला ऐकू आला नाही. कारण तेवढ्यात समोरच्या गर्दीतल्या सगळ्या माना खाली गेल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत, सगळ्यांनी आपली नजर काढून घेतली आणि जमिनीकडे लावली. हे दृश्य भोंग्यानं पूर्वी बघितलं होतं. त्यानंच तर ते पहिल्यांदा घडवून आणलं होतं. त्याच्या हातातला माइक खाली आला.

“काय झालं?” त्यानं बॉबिनला विचारलं. बॉबिन आपल्या बुटाकडे बघत होता.

“ताई,” भोंगा तिच्या कानाशी वाकला. “ताई, काय बोललीस तू?”

ताईनं मान वळवली नाही. त्याच्या बाजूला तिचा उजवा डोळा होता, आणि तिनं तोच त्याच्याकडे राहू दिला. कॅमेरे अजून वाजतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीची शिट्टी झाली. सगळे आपापल्या मागापाशी उभे राहिले, पण एकाही मागाला कुणी हात लावला नाही. मॅनेजर तणतणत आला. “कुणाच्या सांगण्यावरून हे?”

ताईच्या लेकीनं पेपर पुढं केला. पहिल्या पानावर फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरात भोंग्याचं वाक्य.

“मंत्र्यांच्या,” ती म्हणाली. “माझ्या आईनं सांगितलं की जाळी नसेल तर माग चालवू नका. आणि मामा म्हणाले, तिचा शब्द तो माझा शब्द. सगळ्यांसमोर, माइकवरून. विचारा त्यांना फोन करून.”

मॅनेजरनं फोन केला. मालकांनीही केला, आणि त्यांचा आवाज म्हणे बराच चढला होता. भोंगा बिचारा सांगणार काय? ताई बोलली तेव्हा मला काही ऐकूच आलं नाही, असं सांगावं तर बहिऱ्या मंत्र्याचं हसं. तिचं म्हणणं मला मान्य नाही म्हणावं, तर स्वतःच्याच कायद्याविरुद्ध बोलणं. त्यानं मिठाची गुळणी धरली. इकडे सगळ्या गिरण्यांमध्ये माग उभेच होते. शेवटी तारेच्या जाळ्यांनी भरलेल्या गाड्या फाटकातून आत आल्या. ताईनं फिटरला बोटानं लेकीचा माग दाखवला. “आधी तो.”

जाळ्या बसल्या, माग सुरू झाले, आणि मग भोंगा आला. श्रेय घ्यायला तो येणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. बरोबर पेपरवाले, मालक, हारतुरे. शेडच्या दारात उभं राहून त्यानं भाषणाला सुरुवात केली. पण मागांचा खडखडाट त्याच्या म्हाताऱ्या घशाला आता भारी होता. तो ओरडत राहिला, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि शेजारच्या मालकाला त्याची थुंकी तेवढी कळली.

तेव्हा तो आत शिरला. रांगेतून चालत ताईच्या मागासमोर आला, आपल्या जुन्या जागेवर उभा राहिला आणि ओठ हलवले. ‘ताई.’

वीसेक पावलांवर भाची होती. तिनं दोऱ्यावरची नजर काढली नाही. तिच्या पुढचीनं नाही, तिच्या पुढच्यानं नाही. भोंगा पुन्हा म्हणाला, ‘ताई, इकडे बघ ना.’ त्याचे ओठ थरथरत होते, आणि अख्ख्या शेडमध्ये ते वाचणारं कुणी नव्हतं.

ताईच्या धोट्यातलं सूत संपलं होतं. तिनं माग थांबवला, जाळी बाजूला सारून रिकामी कांडी काढली, नवी घातली, जाळी परत लावली आणि माग चालू केला. क्षणभर जास्त लागला.